बीएमडब्ल्यू झेड-फोर: २०आय घ्यावी की एम-४०आय? दोन्ही गोव्यात चालवून झाल्यावरचं माझं मत

आधीच सांगतो, मी काही गाड्यांमधला जाणकार वगैरे नाही. फोंड्यात हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर पीव्हीसी पाइप, नळ, पुट्टी, हेच चालतं. पण गेली दोन वर्षं असं झालंय की माझ्या दारात एक नाही दोन झेड-फोर उभ्या असतात. एक माझी, सेकंडहँड घेतलेली एस-ड्राइव्ह २०आय, आणि दुसरी मेहुण्याची एम-४०आय. मेहुणा शिपवर चीफ इंजिनिअर, वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर, आणि जाताना चावी माझ्या हातात ठेवून एवढंच म्हणतो, भाऊजी अधूनमधून फिरवत राहा, बॅटरी मरेल. आता असं कोणी सांगितल्यावर आपण किती मनापासून फिरवणार ते सांगायला नको. तर दर रविवारी सकाळी त्याची, बाकी आठवडा जमेल तेव्हा माझी, असं करत करत दोन्ही गाड्या सारख्याच रस्त्यावर, सारख्याच उन्हापावसात चालवून झाल्या, आणि लोक जो प्रश्न विचारतात की बेसिकवाली घेऊ की वरची, त्यावर मला बोलायचा थोडा हक्क आलाय असं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. झेड-फोर म्हणजे बीएमडब्ल्यूची दोन सीटची, कापडी छत उघडणारी गाडी. तिची ही तिसरी पिढी, भारतात २०१९ च्या एप्रिलमध्ये आली, दोनच व्हेरिएंटमध्ये. २०आय ६४.९० लाख आणि एम-४०आय ७८.९० लाख, दोन्ही एक्स-शोरूम. म्हणजे फरक सरळ १४ लाखांचा. खालच्यात दोन लिटरचं चार सिलिंडर टर्बो, १९७ हॉर्सपॉवर, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. वरच्यात तीन लिटरचं सहा सिलिंडर, एका ओळीतलं, ३४० हॉर्सपॉवर आणि ५०० टॉर्क. शून्य ते शंभर एक ६.६ सेकंदात, दुसरी ४.५ मध्ये. गिअरबॉक्स दोन्हीत आठ गिअरचा ऑटोमॅटिक. गाडी जर्मन म्हणून मिरवते पण बनली ऑस्ट्रियात, ग्राझला, आणि त्याच कारखान्यात टोयोटाची सुप्रा पण बनली, तिच्यात हेच सहा सिलिंडर. २०२३ मध्ये फेसलिफ्ट आली तेव्हा आपल्याकडे २०आय बंद झाली, फक्त एम-४०आय उरली ८९.३० लाखाला. म्हणजे आता २०आय पाहिजे तर जुनीच घ्यायला लागणार, आणि त्यामुळेच हा प्रश्न सध्या जास्त येतो, की जुनी २०आय घेऊ की आणखी थोडे घालून जुनी एम-४० घेऊ.

माझी मी मुंबईहून आणली, पन्नासच्या आत पडली. कुठून आणले पैसे म्हणाल तर उसगावची वडिलोपार्जित जागा विकली त्यातला माझा वाटा, आणि बायको अजून ह्या गाडीला "आमची जागा" म्हणते. जागा पुस ग, जागा धुवायला दिली का, असं.

आता रोजचं बघा. फोंडा ते पणजी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई, बाणस्तारी, जुने गोवे. सकाळी साडेनऊला ह्या रस्त्यावर ३४० हॉर्सपॉवर काय करणार? पुढे कदंबची सरकारी बस, कदंबच्या पुढे टिप्पर, टिप्परच्या पुढे एक आजोबा बिनहेल्मेटचे स्कूटरवर. २०आय ला १४५० आरपीएमवरच पूर्ण टॉर्क मिळतो, त्यामुळे टिप्परला मागे टाकायला जेवढी जागा मिळते तेवढ्यात ती निघते, कधी कमी पडली असं झालं नाही. एम-४० मध्ये तेच ओव्हरटेक अर्ध्या पाय दाबण्यात होतं, पण होऊन पुन्हा पुढच्या टिप्परच्या मागेच जायचं असतं. टपावरून वारा येतो, बाजूला शेतं, बाणस्तारीच्या पुलावर खाडीचा वास. दोन्ही गाड्यांमध्ये हा वास सारखाच येतो हो, त्याला १४ लाख जास्त लागत नाहीत.

छताबद्दल एक प्रसंग सांगायचाच आहे. मे महिन्याच्या शेवटी, दुपारी, मडगावहून येत होतो बोरीच्या पुलावरून, छत उघडं, ऊन असं की डोकं भाजतंय. पूल ओलांडेपर्यंत मागून काळं आभाळ आलं आणि टपोरे थेंब. थांबायला जागा नाही, मागे बस. पण ही कापडी छताची सिस्टीम ५० च्या खाली स्पीड असेल तर चालत्या गाडीत पण बंद होते आणि दहा सेकंद लागतात. बटण दाबून धरायचं, मध्ये सोडायचं नाही. मी पंचेचाळीसवर आलो, बटण धरलं, आणि ते मागून उठून डोक्यावरून येत येत पुढे लागेपर्यंत मागच्या बसमधली माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर. कंडक्टरनं पुढच्या वळणावर अंगठा दाखवला. शर्टाची बाही भिजली, बाकी कोरडा. हे बटण दोन्ही गाड्यांत तेच, छत तेच, दहा सेकंद तीच. ह्याच्या आधीच्या पिढीला धातूचं, घडी होणारं कडक छत होतं, ते डिकीत जाऊन बसायचं आणि मग सामानाला फारशी जागा उरायची नाही, ह्यावेळी कापडावर परत आले ते बरं केलं.

मग फरक कुठे आहे? फरक चोर्ल्यात आहे, म्हणजे बेळगावला जाणाऱ्या चोर्ला घाटात.

गेल्या डिसेंबरात मेहुणा घरी होता तेव्हा आम्ही दोघं पहाटे साडेपाचला निघालो, उसगाव, होंडा (होंडा गावातून दोन बीएमडब्ल्यू नेताना दर वेळी मला उगाच हसू येतं), साखळी, केरी. केरीत चहा आणि गरम भाजीपाव घेतला आणि मग वर. जाताना मी माझ्या गाडीत, तो त्याच्या. वर सीमेपाशी अदलाबदल करून खाली, पुन्हा वर. अंजुणे धरणाचं पाणी खाली धुक्यात, रस्ता थोडा दवानं ओला, गाड्या नाहीत. असा रस्ता वर्षातून किती वेळा मिळतो ते मोजून घ्या, कारण सगळा निर्णय त्यावर आहे.

२०आय वर चढताना काय होतं तर तुम्हाला काम करायला लागतं. दुसरा-तिसरा, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलत राहायचं, इंजिन वरच्या आरपीएमला ठेवायचं, ब्रेक जरा आधी, आणि वळणात नाक टाकलं की ते पटकन आत जातं. हे मला आधी कल्पना वाटायची पण आकडे बघितले तर कंपनीच्याच हिशेबानं २०आय १४०५ किलो आणि एम-४०आय १५३५. म्हणजे १३० किलो जास्त, सिमेंटच्या अडीच गोणींहून जास्त, आणि त्यातलं बरंच पुढे, कारण सहा सिलिंडरचं इंजिन लांब असतं. आमच्या दुकानात गोणी उचलणाऱ्या पोरांना विचारा अडीच गोणी म्हणजे काय. घट्ट यू-टर्नसारख्या वळणात खालची गाडी हलकी, चपळ वाटते, स्टिअरिंगवर कमी मारामारी. तुम्ही तिला तिच्या मर्यादेपर्यंत नेऊ शकता आणि तरी लायसन्स आणि जीव दोन्ही खिशात राहतात.

एम-४० वेगळं प्रकरण आहे. वळणातून बाहेर येताना पाय दिला की मागचं इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत जोर वाटणारा भाग) बाहेरच्या चाकाला जोर देतं आणि गाडी मागून ढकलल्यासारखी सरळ होते, पोटात गोळा येतो, हसू येतं, दोन्ही एकदम. पण मग पुढचं वळण इतक्या लवकर येतं की तुम्ही लगेच ब्रेकवर. दोन वळणांच्या मधला जो सरळ तुकडा, तिथे २०आय मध्ये तुम्हाला मजा करायला तीन-चार सेकंद असतात, एम-४० मध्ये दीड. मेहुण्याला हे मान्य नाही, तो म्हणतो दीड सेकंद पण कसले! तेही खरंय. आणि ओल्या पानांवर एका ठिकाणी मी जरा जास्त पाय दिला तर मागचा भाग हलला, डॅशवर पिवळा दिवा लुकलुकला, सिस्टीमनं पॉवर कापली आणि गाडी सरळ. मी काही बोललो नाही. मागून येणाऱ्या मेहुण्यानं वर पोचल्यावर एवढंच विचारलं, "भाऊजी, तिसऱ्या वळणावर काय झालं?" चूक माझीच, गाडीची नाही, पण २०आय मध्ये तेवढाच मूर्खपणा करून तेवढा झटका बसला नसता.

परत येताना एका आंधळ्या वळणावर समोरून बेळगावची भाजीची पिकअप अर्धी आमच्या बाजूनं आली. दोन्ही गाड्या वेळेत थांबल्या. पण तेव्हापासून मी स्वतःशी ठरवून टाकलंय की चोर्ल्यात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्याच स्पीडनं जायचं, आणि तेवढ्या स्पीडला २०आय पुरते, हा साधा हिशेब आहे.

आता आवाज. इथे मी माझ्याच गाडीची बाजू घेऊ शकत नाही. चार सिलिंडरचा आवाज वाईट नाही, स्पोर्ट मोडला थोडा गुरगुरतो, पण तो आवाज आहे, एवढंच. सहा सिलिंडर एका ओळीत म्हणजे काय ते सकाळी थंड इंजिन सुरू केलं की शेजारच्यांना पण कळतं. चार हजारच्या वर जे सुरू होतं ना ते नुसतं मोठं नाही, ते गुळगुळीत आहे, म्हणजे भजनात चांगली पेटी आणि साधी पेटी, सूर तेच पण दुसऱ्या पेटीनं माणूस मान वर करतो, तसं. छत उघडं असल्यामुळे ते मध्ये काही न येता सरळ कानात. मी रविवारी त्याची गाडी परत लावून सोमवारी माझी काढली की पहिली दहा मिनिटं मला माझी गाडी जरा मुकी वाटते. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. कोणी मला म्हणालं की मी फक्त आवाजासाठी एम-४० घेतली, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. पॉवरसाठी घेतली म्हणाला तर मात्र विचारेन, वापरतोस कुठे?

रोजच्या त्रासाचं बोलू. दोन्ही गाड्या खाली बसलेल्या, आणि गोव्यात गतिरोधक म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाचा कारभार, एक इकडे चपटा, एक तिकडे भिंतीसारखा, पांढरे पट्टे पुसलेले. तिरकी घालून एक एक चाक चढवायचं, मागचा हॉर्न देणार, द्यू दे. एम-४० मध्ये सस्पेन्शन आणखी खाली आहे, पण डॅम्पर, म्हणजे शॉक अब्सॉर्बर, इलेक्ट्रॉनिक असल्यामुळे कम्फर्टला ठेवली तर खड्ड्यांवर वाटतं त्यापेक्षा बरी चालते. स्पोर्ट प्लसला ठेवून फोंडा बाजारातून गेलात तर पाठीचा कणा मोजून घ्या. माझा सगळ्यात वाईट अनुभव फेरीबोटीचा. दिवाडी बेटावर एका लग्नाला जायचं होतं, जुने गोवेच्या धक्क्यावर गेलो, ओहोटी होती हे बघितलंच नाही. ओहोटीला बोट खाली जाते आणि तिची फळी आणि धक्का यांच्यात जो कोन होतो तो स्कूटरला काही नाही, आल्टोला काही नाही, पण आपल्या नाकाला जबरदस्त. बोटीवाल्यानं हातानं "येव, येव" केलं, मी गेलो, आणि खालून असा आवाज आला की धक्क्यावरची सगळी माणसं गप्प झाली. पुढचा प्लास्टिकचा ओठ घासला, हातभर ओरखडा. तो अजून आहे, रंगवला नाही, परत कुठेतरी घासणारच आहे. भरतीला जा, किंवा सरळ स्कूटर न्या.

डिकी २८१ लिटर, छत उघडं असो की बंद, तेवढीच, कारण छताची घडी स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात बसते. आकडा लहान वाटतो पण गेल्या चवथीला आदल्या दिवशी पाऊस उघडला म्हणून मी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात तिचं) सामान आणायला हीच गाडी नेली. नारळांचा घोस, सुपारीचं शिपटं, आंबाडे, कांगलां, घागरी, तोरिंग, सगळं डिकीत कोंबलं, केळीचा घड मात्र काही केल्या बसेना. शेवटी तो शेजारच्या सीटवर उभा ठेवला, बेल्ट लावला (नाहीतर सेन्सर कोकलत राहतो), छत उघडलं आणि बाजारातून घरी. रस्त्यात ओळखीचा एक भट भेटला, म्हणाला, गणपती पण ह्यातच आणणार काय? सांगायचं म्हणजे सीट दोनच आहेत हे लक्षात ठेवा. आम्ही तिघं आहोत, मुलगी धरून, त्यामुळे घरात दुसरी साधी गाडी असेल तरच ह्या भानगडीत पडा, व्हेरिएंट नंतर बघा.

खर्चाचं. इथे फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. पेट्रोल माझ्या गाडीला गावात नऊच्या आसपास, हायवेला बारा-तेरा. मेहुण्याची गावात साडेसहा-सात. दोघींना ९५ ऑक्टेनवालं घालतो. गोव्यात पेट्रोल शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त म्हणून थोडं सुसह्य. खरा खर्च टायरचा. पुढचे टायर अरुंद, मागचे रुंद, म्हणून पुढेमागे फिरवता येत नाहीत, आणि मागचे आधी संपतात. ५०० टॉर्कच्या गाडीचे तर फार आधी संपतात, मेहुण्याचे मागचे दोन बदलले तेव्हा माझ्या चारांत अजून निम्मी नक्षी शिल्लक होती, आणि त्याची गाडी माझ्याहून निम्मीसुद्धा चालत नाही. (हो, रविवारी कोण चालवतो ते मला ठाऊक आहे.) स्टेपनी दोन्हीत नाही, पंक्चर किट आहे. कडेला फाटला टायर तर किटचा उपयोग शून्य, टोइंगच. इन्शुरन्स गाडीच्या किमतीवर, म्हणजे तिथेही एम-४० जास्त, आणि झिरो-डेप (क्लेममध्ये पार्टची झीज न कापणारा) घ्याच, नाक घासणार हे वर सांगितलंच.

सर्व्हिसचा एक कटू अनुभव आहे, नाव घेत नाही, गोव्यातला पण नाही, मी गाडी घेतल्यावर बाहेरगावी एका वर्कशॉपमध्ये चेकअपला दिली होती. छताचा आवाज येतोय म्हटल्यावर त्यांनी छताची अख्खी यंत्रणा बदलायचं एस्टिमेट दिलं, आकडा बघून मी खुर्चीत बसलो. घरी आणून आमच्या फोंड्याच्या ओळखीच्या पोराला दाखवली तर म्हणाला, काका, रबर कोरडं पडलंय. रबराला लावायची ती खास जेल लावली, आवाज गेला. त्यावरून शिकलो ते एवढंच की कुठल्याही मोठ्या एस्टिमेटला दुसऱ्या डोळ्यांनी बघून घ्यायचं.

आणि पाऊस. जूनपासून सप्टेंबर ही गाडी म्हणजे एक महागडी दोन सीटवाली बंद गाडी, बस्स. कापड ओलं असताना छत कधी घडी करून ठेवू नका, बुरशी येते आणि वास मग दिवाळीपर्यंत जात नाही. छताच्या कडेनं पाणी जायच्या नळ्या असतात, त्यात फणसाची, आंब्याची पानं कुजून अडकतात आणि मग पाणी आत उतरतं, कार्पेटखाली, तुम्हाला कळत पण नाही. मी दर महिन्याला पातळ लवचिक वायर घालून बघतो. पाइप विकणारा माणूस आहे, निचरा हा आपला प्रांत. किनाऱ्याकडे राहत असाल, म्हणजे कळंगुट, मोरजी तिकडे, तर खाऱ्या वाऱ्यानं खालचे बोल्ट गंजतात, खालून गोड्या पाण्यानं धुवत राहा. आणि माडाखाली पार्किंग करू नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. लोखंडी टपावर नारळ पडला तर खड्डा पडतो, कापडी टपावर पडला तर नारळ तुमच्या शेजारी बसतो.

मेहुण्याच्या गाडीला आम्ही बॅटरीचा ट्रिकल चार्जर, म्हणजे हळूहळू चार्ज करत ठेवणारा, लावून ठेवलाय, उभी राहणारी गाडी असेल तर तो घ्याच, दोन्ही व्हेरिएंटला लागू. खरं सांगायचं तर एम-४० सारखी गाडी वर्षातले आठ महिने कव्हरखाली असते हे बघून मला वाईट वाटतं आणि माझा रविवार पण त्यामुळेच आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

काही पोरं सांगतात की २०आय घे आणि रिमॅप मार, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढव, सत्तर-ऐंशी हजारात एम-४० झाली समज. नाही होत. आकडा वाढेल, पण डिफरेन्शियल येणार नाही, मोठे ब्रेक येणार नाहीत, सहा सिलिंडरचा आवाज तर बापजन्मात येणार नाही. वर इन्शुरन्सवाल्याला न सांगता केलं आणि उद्या काही झालं तर क्लेमवर पाणी. ज्याला एम-४० पाहिजे त्यानं एम-४० घ्यावी, २०आय ला छळू नये.

एक गंमत, विषय नाही पण सांगतो. गोव्यात उघड्या टपाची गाडी म्हणजे लोकांच्या डोक्यात रेंटची थार. मिरामारला सिग्नलला उभा होतो, बाजूच्या स्कूटरवरचं टुरिस्ट जोडपं, त्यातला तो विचारतो, "भैया, एक दिन का कितना लेते हैं?" माझी पांढरी नंबरप्लेट, जीए-०५, तरी. मी म्हटलं, रोज ईएमआयइतका. आणि हे एम-४० ला पण होतं, तिथेही कोणी हॉर्सपॉवर विचारत नाही. दोन्ही बघणाऱ्याला सारख्याच दिसतात, बॅज वाचणारे कॉलेजचे चार पोरगे सोडले तर. म्हणजे मिरवायला वरची घ्यायची असेल तर तोही फायदा नाही.

माझं मत असं. गोव्यात राहता, आठवड्याला पणजी-मडगाव-म्हापसा फिरता, महिन्यातून एकदा चोर्ला किंवा अनमोडचा घाट, आणि दोन्हींपैकी एकच परवडणार असेल ओढूनताणून, तर २०आय घ्या आणि वाचलेल्या पैशातून टायर, इन्शुरन्स आणि शेड बांधा. शेड खरंच बांधा. तुम्ही बेळगाव-कोल्हापूर-पुणे असे लांब पल्ले महिन्याला दोनदा मारत असाल, हायवेवर पाय द्यायला जागा मिळत असेल, किंवा त्या आवाजानं तुम्हाला झोप येत नसेल, तर एम-४०, आणि तिथे मग मागेपुढे बघू नका, कारण २०आय घेऊन आयुष्यभर "थोडे घातले असते तर" म्हणत बसणारी माणसं मी बघितलीत. २०२५ मध्ये आपल्याकडे एम-४० ला सहा गिअरची मॅन्युअल पण आली, ती मी चालवलेली नाही, मेहुणा मात्र आतापासून हिशेब करतोय, त्याच्या बायकोला अजून माहीत नाही.

परवा म्हापशाचा एक गिऱ्हाईक, आता मित्रच, पुण्यात एक २०१९ ची २०आय बघायला जाणार म्हणून विचारत होता, काय बघू. त्याला सांगितलं तेच इथे. छत इंजिन चालू ठेवून सलग तीनदा उघड-बंद कर, दरवेळी कान लावून. कार्पेट हातानं दाबून बघ, ओल लागते का. छताच्या आत नाक घालून वास घे, लाजू नकोस. मागच्या टायरवरचा चार आकडी तारखेचा शिक्का वाच, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुढच्या ओठाखाली मोबाइल घालून फोटो काढ. कागदांत तिथल्या आरटीओची एनओसी मिळणार का ते आधी विचार, गोव्यात नंबर बदलताना रोड टॅक्स परत भरायला लागतो, तो आकडा धरूनच भाव कर, आणि तिकडचा भरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज करायला विसरू नकोस. आणि टेस्ट ड्राइव्हला मालकाला म्हण, छत उघडून जाऊया. तो कारण सांगायला लागला तर चहा पिऊन घरी ये.